घरटं वेलीत, मांजर टेबलावर आणि खार कागदावर

प्रश्न: मी सांगलीत तळमजल्याच्या घरात राहते. मागच्या परसात पेरू, शेवगा आणि जास्वंद आहे. जलरंगात काम करते आणि विषय सगळे घरचेच: आमची काळी मांजर चिंगी, पेरूवरच्या खारी, बुलबुल, कधीतरी कुंपणाकडेने जाणारं मुंगूस. फोनवर फोटो काढून त्यावरून चित्र करते, पण खार भुसा भरल्यासारखी दिसते आणि चिंगी म्हणजे नुसता काळा डाग. समोर बसून काढावं तर कुणी दहा सेकंद एका जागी थांबत नाही. त्यात चिंगी कागदावर येऊन बसते आणि ब्रश धुतलेलं पाणी पिते. आता व्हरांड्यातल्या जुईच्या वेलीत, माझ्या टेबलापासून चार-पाच हातांवर, बुलबुलाने घरटं केलंय. तीन अंडी आहेत आणि चिंगीचा तिथे डोळा आहे. घरटं अलगद काढून पेरूवर बांधू का? आणखी एक. खारीचे केस काढायला दुकानदाराने मुंगसाच्या केसांचा ब्रश दिलाय, काम छान होतं. वापरायला हरकत नाही ना?

उत्तर: ताई, घरटं हलवू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, हे मात्र आजच ठरवून टाका.

बुलबुल आपलं घरटं ओळखतो तो जागेवरून. चार फूट पलीकडे नेलंत तर तो जुन्याच फांदीवर येऊन बसेल, तोवर अंडी थंड होतील, आणि बहुतेक वेळा जोडी ते घरटं सोडून देते. शिवाय १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात वन्य पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विचलित करणंही ‘शिकार’ या व्याख्येत धरलेलं आहे. अंडी उबायला साधारण दोन आठवडे लागतात आणि त्यानंतर पिल्लं बाहेर पडायला जवळजवळ तेवढेच. म्हणजे तुम्हाला महिनाभर सांभाळायचंय. तेव्हा हलवायचं ते टेबल. खोलीत खिडकीमागे मांडा, पडदा अर्धा ओढून घ्या आणि तिथून बघा. पुरेसं लांब आहात की नाही, हे पक्षीच सांगतो. चोचीत किडा धरून बुलबुल जवळच्या तारेवर बसून राहिला, सारखा ओरडतोय आणि घरट्यात शिरत नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. उठून आत जा.

चित्रासाठी नीट दिसावं म्हणून आजूबाजूची पानं खुडू नका. त्या पानांमुळेच कावळा आणि भारद्वाज यांच्या नजरेतून घरटं सुटतं, आणि उन्हापासून पिल्लं वाचतात. फोन घरट्यावर धरून फोटो काढण्याचा मोहही आवरा. कावळे माणसाच्या हालचालींवर बारीक लक्ष ठेवून असतात. तुम्ही दिवसातून चारदा एकाच जागी वाकून बघितलंत, तर त्यांना पत्ता सांगितल्यासारखंच आहे.

चिंगीचा प्रश्न गळ्यात घुंगरू बांधून सुटणार नाही. मोठा पक्षी घुंगराच्या आवाजाने उडेल, पिल्लू कुठे उडणार? पिल्लं घरट्यात असेपर्यंत तिला व्हरांड्यात सोडायचं नाही, आणि ती घरट्याबाहेर पडली की निदान आठवडाभर परसातही नाही. बाहेर पडलेल्या पिलाला सुरुवातीला धड उडता येत नाही. तोकड्या शेपटीचं, पिसं आलेलं पिल्लू जमिनीवर दिसलं, तर ते ‘पडलेलं’ नसतं. आईबाप जवळच असतात आणि भरवत असतात. फार तर उचलून झुडपाच्या फांदीवर ठेवा आणि बाजूला व्हा. पिसं न आलेलं, उघडं पिल्लू खाली असेल, तर मात्र परत घरट्यात ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात हा समज खोटा आहे. मांजराचा दात किंवा नख लागलेलं पिल्लू वरून धडधाकट दिसलं तरी लगेच पशुवैद्याकडे न्या. मांजराच्या तोंडातल्या जिवाणूंमुळे अशी पिल्लं एक-दोन दिवसांत दगावतात.

चिंगी आत राहिली की ती तुमच्याच टेबलावर येणार, म्हणून आता टेबलाकडे वळू. तिला हाकलून उपयोग नाही. टेबलाला लागून, त्याच उंचीवर, एका स्टुलावर पुठ्ठ्याचं खोकं ठेवा. खोकं तिला अंग मुडपून बसता येईल एवढंच असावं, आत जुना टॉवेल घालावा आणि टेबललॅम्पची ऊब तिकडे जाईल असं करावं. कागदावर ती बसते ती उबेसाठी, उंचीसाठी आणि तुमच्या जवळ राहण्यासाठी. या तिन्ही गोष्टी खोक्यात मिळाल्या की बरंच काम होतं.

ब्रश धुतलेल्या पाण्याचा एखादा घोट तिने घेतला, तर सहसा काही होत नाही. रोज पिणं मात्र थांबवायला हवं. तोंडाशी अरुंद, बुडाशी जड अशी बरणी वापरा, उठताना झाकण लावा आणि तिच्यासाठी ताज्या पाण्याचं रुंद भांडं खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. जेवणाच्या ताटलीशेजारचं पाणी बऱ्याच मांजरांना आवडत नाही. मग तुमच्या ट्यूब तपासा. नावावर जाऊ नका, मागे बारीक अक्षरांत रंगद्रव्याचा संकेत असतो तो वाचा. पीवाय ३५ आणि पीआर १०८ म्हणजे कॅडमियम, पीबी २८ आणि पीबी ३५ म्हणजे कोबाल्ट, पीडब्ल्यू १ म्हणजे शिसं. मांजर असलेल्या घरात हे नसलेलेच बरे. अल्ट्रामरीन (पीबी २९), यलो ऑकर (पीवाय ४३ किंवा ४२) आणि लोह-ऑक्साइडचा बर्न्ट सिएना (पीआर १०१ किंवा पीबीआर ७) यांच्यावर चिंगी, खार आणि बुलबुलाचा बहुतेक सगळा भाग रंगवून होतो. लालासाठी कॅडमियमऐवजी पायरॉल (पीआर २५४) घ्या.

खरा धोका रंगांपेक्षा आसपासच्या वस्तूंमध्ये असतो, आणि तो बहुतेक चित्रकारांच्या लक्षात येत नाही. मांजराच्या यकृताला फिनॉलच्या जातीची द्रव्यं नीट निकामी करता येत नाहीत. जलरंगाला बुरशी धरू नये म्हणून लवंगेच्या तेलाचा थेंब घालतात, त्यात युजेनॉल असतं. ते त्याच जातीतलं. पाण्यात टाकल्यावर पांढरं होणारं फिनेल, टर्पेंटाइन, निलगिरी तेल हेही दूर ठेवा. कागदांच्या कपाटात कसर लागू नये म्हणून ठेवलेल्या डांबरगोळ्या तर आजच काढा. त्याऐवजी कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा. कसरीला दमट हवा लागते, कोरड्यात ती टिकत नाही. फुलांचं स्टिल लाइफ (समोर मांडलेल्या वस्तूंचं चित्र) मांडत असाल, तर फुलवाल्याकडे दांडीवर मिळणारी मोठी लिली घरात आणूच नका. तिचं पान, पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराच्या मूत्रपिंडाचा घात करतं, आणि पहिल्या दिवशी नुसती उलटी आणि सुस्ती दिसते.

चिंगीच्या अंगाला तैलरंग लागला, तर टर्पेंटाइनने पुसू नका. गोडेतेल चोळून रंग सैल करा, फडक्याने टिपा, मग भांड्यांच्या सौम्य साबणाने कोमट पाण्यात धुवा. घट्ट बसलेले केस कापून टाकलेले बरे. तोवर तिला टॉवेलमध्ये गुंडाळून धरा, चाटू देऊ नका. लाळ गळतेय, तोल जातोय, अंग थरथरतंय असं दिसलं तर उलटी करवण्याच्या भानगडीत न पडता ट्यूब किंवा बाटली सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता चित्राकडे. फोटोवरून काढलेली खार भुसा भरल्यासारखी दिसते, कारण फोनचा मुख्य कॅमेरा रुंद कोनाचा असतो. अर्ध्या मीटरवरून मांजराचा फोटो घेतला की नाक मोठं, डोकं फुगीर आणि मागचे पाय बारके येतात. दोन मीटर मागे जा, दुपटीचा झूम लावा आणि जमिनीवर बसा. उभ्याने काढलेल्या फोटोत मांजराची फक्त पाठ येते. आणि हा फोटो ठेवायचा तो बोटं, कानाची घडी, पट्ट्यांची जागा असल्या तपशिलासाठी. अंगाचा डौल मात्र समोर बसूनच घ्यायचा.

दहा सेकंद कुणी थांबत नाही, हे खरं. पण दर प्राण्याच्या बसण्या-उभं राहण्याच्या रीती मोजक्या असतात आणि तो त्यांच्याकडे पुन्हा पुन्हा येतो. हे कळलं की घाई संपते. एक मोठा, स्वस्त, ९०-१०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) कागद घ्या आणि साधं बॉलपेन. खोडरबर जवळ ठेवू नका. पहिली पाच मिनिटं नुसतं बघा. मग पानावर एका कोपऱ्यात पहिली ढब सुरू करा: आधी नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत कण्याची एकच रेघ, तिच्यावर छातीचा आणि कुल्ल्याचा असे दोन गोळे, मग पाय जिथे टेकलेत ते बिंदू. डोळे-कान शेवटी. खार हलली की ते चित्र अर्धवट सोडून शेजारी दुसरं सुरू करा. ती पहिल्या ढबीत परतली की तुम्हीही परता. वीस मिनिटांत पानावर सहा-आठ अर्धवट खारी होतील, त्यातल्या दोन पूर्ण होतील. सुरुवातीला सगळं पान गिचमीड दिसेल, तसं दिसू द्या.

खारीच्या चारच ढबी आधी पक्क्या करा. कुल्ल्यांवर बसून दोन्ही हातांत दाणा धरून खाणं, शेपूट पाठीवर. दुपारच्या उन्हात फांदीवर पोट टेकून सपाट पडणं. खोडावर डोकं खाली करून थांबणं. आणि चिक्-चिक् असा इशारा देणं. या शेवटच्या ढबीत तुमचं काम सोपं होतं: चिंगी खिडकीत दिसली की खार बराच वेळ एकाच फांदीवर ओरडत राहते, अंग स्थिर असतं, दर आवाजाला फक्त शेपूट झटकते.

डोकं खाली केलेली खार बारकाईने बघा, बहुतेकांची चूक तिथेच होते. मागचा पाय घोट्यातून पूर्ण मागे वळलेला असतो. पंजा वरच्या दिशेला असतो आणि नखं सालीत अडकलेली असतात, सगळं वजन त्यांच्यावर लटकतं. आपण सवयीने बोटं खाली काढतो आणि खार खोडावर चिकटवल्यासारखी दिसते. पट्ट्यांचंही तसंच. तीनपट्टी खारीत पाठीवरचा मधला पट्टा डोक्याकडून थेट शेपटीकडे जातो. बाहेरचे दोन मात्र पुढच्या पायापासून मागच्या पायापर्यंतच. पाचपट्टीत याखेरीज दोन्ही बाजूंना एकेक फिकट पट्टा असतो. महाराष्ट्रात दोन्ही जाती आहेत, तेव्हा तुमच्या पेरूवरची कोणती ते आधी मोजा. पट्टे पट्टीने आखल्यासारखे सरळ काढू नका. अंग वळतं तिथे पट्टा वळतो, कुल्ल्यावर पसरतो, मानेशी दाटतो. अंगाची गोलाई पट्ट्यांतूनच दिसते, वेगळी छटा फार द्यावी लागत नाही.

रंगवताना पट्ट्यांसाठी पांढरा रंग वापरू नका. सगळ्या अंगावर यलो ऑकरचा अगदी पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या. मग पट्ट्यांच्या मधली जागा बर्न्ट सिएना आणि थोड्या अल्ट्रामरीनने भरा आणि प्रत्येक गडद पट्टीची एक कड ओल्या ब्रशने विरघळवा, दुसरी तशीच ठेवा. दोन्ही कडा कडक राहिल्या की खार लाकडी दिसते. पोटाच्या कडेला ओल्यावर ओलं काम करा, म्हणजे कागद ओला असतानाच रंग सोडा.

चिंगी डाग दिसते कारण तुम्ही काळा रंग वापरता. काळी मांजर कुठेच काळी नसते. खिडकीकडच्या अंगावर आकाशाचा निळा असतो आणि थेट उन्हात केस तांबूस दिसतात. तिचं खोकं खिडकीच्या बाजूला येईल असं ठेवा, म्हणजे उजेड एका अंगाने पडेल. ३०० जीएसएमचा सुती कागद घ्या. पहिला थर पातळ अल्ट्रामरीनचा, डोळे सोडून सगळ्या मांजरावर. तो ओला असतानाच उन्हाच्या बाजूला बर्न्ट सिएना सोडा. वाळल्यावर अल्ट्रामरीन दोन भाग आणि बर्न्ट सिएना एक भाग असं दाट मिश्रण करून दुसरा थर द्या, पण दोन कानांमधलं कपाळ, खांदा, कुल्ला आणि पाठीची वरची कड मोकळी ठेवा. तिसरा, सर्वांत दाट थर फक्त हनुवटीखाली, बोटांच्या फटींत आणि पोट टेकतं तिथे. दुसऱ्या थरात फुलकोबीसारखे डाग उठतात, ते खालचा थर अर्धवट ओला असताना जास्त पाण्याचा ब्रश लावल्याने. एकतर कागदावरची चकाकी जाऊन तो हाताला कोरडा लागेपर्यंत थांबा, नाहीतर पहिला थर चांगला ओला असतानाच उरका.

दबा धरून बसलेल्या मांजराच्या खांद्याची हाडं कण्याच्याही वर येतात. मांजराचं गळपट्टीचं हाड नावापुरतं असतं, ते सांध्याला जोडलेलं नसतं. खांदा स्नायूंवरच तोललेला असतो. हे दोन उंचवटे आले की चित्रात जीव येतो. मागच्या पायात जो ‘उलटा गुडघा’ दिसतो ती टाच आहे, गुडघा वर पोटाशी असतो. आणि डोळ्यातली बाहुली: भर उजेडात ती उभी चीर असते. उन्हातल्या चित्रात गोल बाहुली काढलीत तर मांजर घाबरलेलं दिसतं. बुबुळाच्या वरच्या भागावर पापणीची सावली गडद करा, नाहीतर डोळे बटणासारखे पुढे येतात.

बुलबुलाचं थोडक्यात. चोचीची फट मागे वाढवली तर ती डोळ्याच्या जरा खालून जाते. डोळा त्याहून वर नेऊ नका. बुडाखालचा लाल सर्वांत शेवटी आणि एकाच फटक्यात. तुमच्या वेलीतला लालबुड्या की शिपाई बुलबुल ते पाहून घ्या. शिपायाला उंच टोकदार तुरा आणि पांढरा गाल असतो, लालबुड्याचा तुरा आखूड. लालबुड्याच्या शेपटीच्या बुडाजवळचं पांढरं उडतानाच नीट दिसतं, बसलेल्या चित्रात ते घालू नका.

खारी-पक्षी समोर येऊन बसावेत म्हणून खिडकीसमोर तीन-चार मीटरवर एक वाकडी वाळकी फांदी रोवा, शक्यतो साध्या भिंतीच्या पार्श्वभूमीवर, म्हणजे आकृती उठून दिसेल. तिच्याशी मातीचं पसरट भांडं, पाणी दोन इंचांपेक्षा खोल नको, मधे एक दगड. झुडपाला चिकटून ठेवू नका, शेजारपाजारची मांजरं दबा धरतात. झुडूप दोन मीटर लांब असावं, पक्ष्याला पळायला पुरतं. पाणी रोज बदला आणि भांडं दोन-तीन दिवसांनी घासा, कारण साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात. खाणं एक मूठ पुरे: बाजरी, तांदळाच्या कण्या, पिकलेल्या पपईची फोड. पाव, फरसाण, दूध नको. पावसाळ्यात शेंगदाणे टाळा, दमट दाण्यावरच्या बुरशीत विष असतं. रोज एकाच वेळी ठेवा, खारी वेळ पाळतात. उरलेलं संध्याकाळच्या आत उचला, नाहीतर उंदीर येतील आणि उंदरांमागे धामण. साप निघालाच तर मारू नका, वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. फांदीचं प्रतिबिंब खिडकीच्या काचेत पडत असेल, तर काचेला बाहेरून दर दहा सेंटिमीटरवर एक अशा उभ्या दोऱ्या सोडा, पक्षी आपटत नाहीत.

रंगाचं पाणी परसात ओतू नका. बादलीत रात्रभर निवू द्या, वरचं निवळ मोरीत टाका, खालचा गाळ कागदाने पुसून सुक्या कचऱ्यात.

ब्रशबद्दल: नका वापरू. मुंगूस संरक्षित प्राणी आहे आणि त्याच्या केसांचे ब्रश करणं, विकणं, बाळगणं हे सगळं १९७२च्या त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. हे केस मुंगूस मारूनच मिळतात. २०१९ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्यूरोने ‘ऑपरेशन क्लीन आर्ट’ या नावाने अनेक राज्यांत छापे घातले, त्यात असेच ब्रश सापडले. दुकानदार पुष्कळदा नुसतं ‘अस्सल केस’ म्हणून विकतात, तेव्हा ओळख सांगतो: प्रत्येक केस मधे गडद तपकिरी आणि टोकाला फिकट मलईरंगी असतो. कृत्रिम तंतू मुळापासून टोकापर्यंत एकसारखा असतो किंवा टोक नुसतं रंगवलेलं असतं. शंका आली तर एक तंतू जाळून बघा. कृत्रिम तंतू वितळून गोळी होते, केस जळाल्याचा वास येत नाही. तुमच्याकडचा ब्रश कुणाला देऊ किंवा विकू नका, जवळच्या वनाधिकाऱ्यांकडे जमा करा.

खारीच्या शेपटीला त्या ब्रशची गरजही नाही. शेपटीत काळे-पांढरे केस मिसळलेले असतात, म्हणून ती लांबून करडी, भुरभुरीत दिसते. कृत्रिम तंतूंचा सहा नंबरचा गोल ब्रश घ्या, रंग दाट ठेवा, ब्रश फडक्यावर जवळजवळ कोरडा करा आणि बोटांनी चिमटून तंतू फाकवा. शेपटीच्या बुडापासून सुरू करून दोन्ही अंगांना बाहेर, टोकाकडे जरा तिरपे असे हलके फटके मारा. कागद मधूनमधून कोरा राहू द्या. रंग सलग बसत असेल तर ब्रश अजून ओला आहे.